पाऊस, बर्फ आणि वादळ: सातारा-सांगलीहून पहिल्यांदाच ध्रुवाकडे निघणाऱ्यांसाठी

ध्रुवीय मोहिमेची तयारी करणारा नवखा माणूस पहिला प्रश्न थंडीचा विचारतो. उणे तीसला काय घालायचं, उणे चाळीसला काय होतं? खरं तर अंग कोरडं असेल, कपडे कोरडे असतील आणि वाऱ्याला आडोसा असेल, तर उणे पंचवीसही सोसवतं. सोसवत नाही ती ओल. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे एक अंशावर पावसात भिजलेला माणूस उणे पंधरातल्या कोरड्या माणसाआधी कोसळतो. खाली दिलेली जवळजवळ प्रत्येक सूचना याच एका गोष्टीभोवती फिरते.

ध्रुवावर कसला आलाय पाऊस, असं वाटत असेल तर एक नोंद पाहा. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलसुंड नावाची वस्ती आहे. भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून तिथेच आहे. या गावात वर्षभरात मिळून सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. महाबळेश्वरात भर पावसाळ्यात तेवढा दोन दिवसांतही पडू शकतो. पण ३० जानेवारी २०१२ रोजी, म्हणजे सूर्य उगवतच नाही अशा ऐन ध्रुवीय रात्रीत, याच गावात एका दिवसात ९८ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस थांबला की लगेच गोठतो, आणि बर्फावर काचेसारखा कडक थर बसतो.

सरावासाठी आधी लडाख आठवतं, पण तिथली थंडी कोरडी असते. ओल, वारा आणि धुकं एकत्र आलं की माणसाचं काय होतं, हे तिथे शिकायला मिळत नाही. ते शिकायचं तर आपला सह्याद्री हवा. कोयना खोरं, चांदोलीकडचा शिराळ्याचा पश्चिम भाग आणि चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार, हीच आपली शाळा.

१. आधी वाट ठरवा, मग कागद गोळा करा

वाटा दोन आहेत. पहिली सरकारी. गोव्यात वास्कोजवळच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत अंटार्क्टिकाला जाता येतं. तिथल्या ‘मैत्री’ (१९८९) आणि ‘भारती’ (२०१२) या केंद्रांना शास्त्रज्ञच नव्हे, तर डॉक्टर, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक आणि स्वयंपाकीही लागतात. निवड झाल्यावर कडक वैद्यकीय तपासणी होते आणि औलीला बर्फातलं प्रशिक्षण मिळतं. जाण्यायेण्याची आणि परवान्यांची व्यवस्था केंद्रच करतं.

दुसरी वाट स्वखर्चाची. पहिल्या खेपेला स्वालबार्डमध्ये मार्च-एप्रिलात, अनुभवी वाटाड्यासोबत, आठ-दहा दिवसांची स्की (बर्फावर घसरत चालायच्या पायपट्ट्या) आणि स्लेजची (सामान लादून ओढायची घसरगाडी) मोहीम हीच योग्य. तिच्यासाठी हे लागेल:

- किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट.
- दोनदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा, म्हणजे नॉर्वेसह बऱ्याच युरोपीय देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. नवखे लोक सर्वाधिक फसतात ते इथेच. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे खरं, पण जाता-येता नॉर्वेतूनच जावं लागतं आणि स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेतला असेल, तर परतताना ओस्लोत अडकाल.
- शोध आणि बचावकार्याचा खर्च भरून देणारा विमा. साधा प्रवास विमा हा खर्च बहुधा वगळतो, म्हणून पॉलिसीतला बारीक मजकूर वाचा.
- ठराविक क्षेत्राबाहेर जायचं असेल तर स्वालबार्डच्या गव्हर्नर कार्यालयाकडे आगाऊ नोंद.
- हिमअस्वलांना पळवून लावण्याची साधनं. ती वाटाड्याकडे असतात, तरी त्याला आधी विचारून घ्या.
- दातांची तपासणी. किडलेला दात किंवा सैल झालेलं सिमेंट थंडीत ठणकू लागतं, आणि तंबूत त्यावर इलाज नसतो.

२. जून ते सप्टेंबर: घराजवळचा सराव

चाळकेवाडीच्या पठारावर एखाद्या शेतमालकाची परवानगी घ्या आणि जुलै-ऑगस्टच्या संततधारेत दोन रात्री तंबूत काढा. कासच्या पठारावर तंबू टाकू नका. ती जागा फुलांची आहे. कोयना अभयारण्यात आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानातही विनापरवाना शिरू नका. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात उघड्या पठारावर विजेचा धोका मोठा असतो. मे महिना आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या सरावासाठी टाळा.

पठारावर नुसतं राहून उपयोग नाही. पाऊस आणि वारा चालू असताना तंबू उभारा, चहा करा, कपडे बदला, झोपा, सकाळी सगळं आवरून पुन्हा बांधा. दुसऱ्या सकाळी स्लीपिंग बॅग तराजूवर तोला. वजन जेवढं वाढलं तेवढं पाणी तुम्ही आत नेलंत. दोनशे ग्रॅम वाढलं असेल तर कुठून आलं ते शोधा: ओला मोजा, दारातून आलेले शिंतोडे, की बॅगेत तोंड घालून सोडलेला श्वास?

स्लेज ओढण्याच्या सरावाला ट्रकचा जुना टायर दोरीने कमरेच्या पट्ट्याला बांधा आणि खडीच्या रस्त्यावर आठवड्यातून तीनदा दीड-दोन तास ओढा. धावून दम वाढतो, पण ओढण्याला लागणारी कंबर आणि मांड्या टायरच तयार करतो.

थंडीत हात कसे चालतात हे आइस्क्रीम साठवणाऱ्यांच्या कोल्ड रूममध्ये समजतं. तिथे उणे अठरा-वीस तापमान असतं. मालकाची परवानगी आणि दाराशी उभा राहणारा एक साथीदार, एवढं असेल तर वीस मिनिटं पुरेत. जाड हातमोजे घालून बूट बांधा, बकल लावा, चेन ओढा, नकाशाची घडी उलगडा. जे जमणार नाही, त्या चेनला आणि बकलला घरी येऊन दोरीचा लांब फासा बांधा. स्टोव्ह मात्र तिथे चुकूनही पेटवू नका.

या चार महिन्यांनंतर जानेवारी-फेब्रुवारीत हिमालयातल्या बर्फात किमान आठवडाभर राहणं आवश्यक आहे. मनाली आणि उत्तरकाशीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थांचा मूलभूत अभ्यासक्रम आधी केलेला असेल तर उत्तम.

३. कपडे: थर कमी, शिस्त जास्त

अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस (कृत्रिम धाग्याचा लवदार कपडा), त्यावर वारा अडवणारं पण वाफ बाहेर सोडणारं जाकीट आणि पँट. थांबल्यावर या सगळ्यावरून घालायला एक मोठं फुगीर जाकीट. चालताना एवढं पुरतं.

माण-खटावकडच्या मेंढपाळाच्या खांद्यावरची घोंगडी पाहा. भुरभुरत्या पावसात ती जड होते, पण अंगाला गार लागत नाही. लोकरीचा धागा ओल स्वतःच्या पोटात घेतो आणि धाग्यांमधली हवा बरीचशी टिकून राहते. सुती कापड उलट पाणी धरून अंगाला चिकटतं. नवखे लोक हजारोंचं जाकीट घेतात आणि आत रोजचं सुती बनियन आणि सुती अंतर्वस्त्रं तशीच ठेवतात. ओल तिथेच साठते. एकही सुती कपडा सोबत नको, रुमालसुद्धा.

दुचाकीवर वापरायचा रेनकोट पावसाला अडवतो, पण घामालाही आतच कोंडतो. तो घालून अजिंक्यतारा एकदा चढा आणि वर गेल्यावर बाही आतून चाचपून पाहा, म्हणजे फरक कळेल.

हातमोजे तीन थरांचे: आत पातळ लोकरीचे, त्यावर जाड, सगळ्यांत वर वारा अडवणारे, चारही बोटं एकाच कप्प्यात राहतील असे. वरच्या जोडीला दोरी लावून ती बाह्यांतून किंवा गळ्यातून घ्या, लहान मुलांना लावतो तशी. वादळात उडालेला हातमोजा परत मिळत नाही. बाहेर काम करताना आतला पातळ हातमोजा काढायचा नाही. उघड्या बोटांनी धातूला हात लावला तर कातडी चिकटते.

बूट नेहमीच्या मापापेक्षा एक ते दीड क्रमांक मोठे, आतलं अस्तर सुटं निघणारे. पाय आवळला की रक्त थांबतं, आणि मग कितीही जाड मोजा असला तरी बोटं गार पडतात. मोज्यांची रचना अशी: आधी पातळ मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर जाड मोजा. पाऊल दमट राहतं, पण घाम जाड मोज्यात आणि बुटाच्या अस्तरात शिरत नाही. असं केलं नाही तर आठ दिवसांत अस्तरात बर्फ साठून बूट दगडासारखा होतो. रात्री मात्र पाय पुसून पूर्ण कोरडे करायचे.

शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. एक जोड सोवळ्यातला ठेवा: आतला शर्ट, पायजमा आणि मोजे. तो फक्त तंबूत, झोपताना घालायचा. बाहेर कितीही भिजलात तरी तो अंगावर घेऊन बाहेर पडायचं नाही. सकाळी कालचे ओलसर कपडे पुन्हा चढवणं नकोसं वाटतं, पण चालायला लागल्यावर ते दहा मिनिटांत ऊब धरतात. सोवळं मोडलं की रात्री अंगावर घ्यायला काहीच उरत नाही.

४. घाम येऊ द्यायचा नाही

निघताना अंगावर काटा असावा. पहिली दहा मिनिटं थोडी हुडहुडी भरली तर कपडे बरोबर आहेत. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर अर्ध्या तासात पाठ घामेजेल, आणि थांबल्याबरोबर तो घाम गोठेल. दर ५० मिनिटांनी ७-८ मिनिटं थांबा. थांबण्याच्या क्षणीच फुगीर जाकीट चढवा, मग खाणं आणि पाणी. गार वाटू लागल्यावर जाकीट शोधत बसलात तर उशीर झालेला असतो.

वाऱ्याचा हिशोब पाठ हवा. उणे वीस अंश आणि ताशी ५० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे पस्तीसच्या आसपास जाणवतं. चष्मा कपाळावर सरकवू नका. घामाने आतून धुकं धरतं, मग ते गोठतं आणि पुसता येत नाही.

५. वाऱ्यात तंबू उभारणं

बोगद्याच्या आकाराचा तंबू घ्या, कडेने बर्फ दाबायला झालर असलेला. घरीच काठ्या अर्ध्या जोडून, चिकटपट्टी लावून, तंबूच्या खोबणीत तशाच ठेवा. मग वादळात फक्त उरलेला जोड बसवायचा राहतो.

क्रम कधी बदलू नका:

- पिशवीतून काढण्याआधीच तंबूची एक दोरी स्लेजला किंवा बर्फात ठोकलेल्या स्कीला बांधा. सुटलेला तंबू मिनिटभरात दिसेनासा होतो.
- वाऱ्याकडचं टोक आधी पक्कं करा, शेपूट वाऱ्याकडे आणि दार विरुद्ध दिशेला.
- एकाने तंबूवर आडवं पडून तो दाबून धरायचा, दुसऱ्याने काठ्या उभ्या करायच्या.
- नेहमीच्या खुंट्या बर्फात धरत नाहीत. स्की आणि स्कीच्या काठ्या उभ्या गाडा, किंवा कापडी पिशवीत बर्फ भरून ती ३०-४० सेंटीमीटर खोल आडवी पुरा. वरून बर्फ तुडवा आणि वीस मिनिटं ताण देऊ नका. तुडवलेले बर्फाचे कण तेवढ्या वेळात एकमेकांना धरतात.
- झालरीवर बर्फ टाका, मगच आत शिरा.

वाऱ्याच्या बाजूला तंबूपासून दीड-दोन मीटरवर बर्फाच्या विटांची भिंत रचा. ती तंबूला चिकटून नको. भिंतीच्या आडोशाला भुसभुशीत बर्फ साठतो, आणि भिंत जवळ असेल तर तंबूच गाडला जातो. फावडं धातूचंच घ्या. प्लास्टिकचं थंडीत तडकतं.

दाराच्या पडवीत ४०-५० सेंटीमीटर खड्डा खणा. गार हवा खाली उतरते आणि खड्ड्यात साठते, शिवाय पाय सोडून बसता येतं, बूट नीट काढता येतात.

शिरताना सर्वांत साधं हत्यार कामाला येतं ते म्हणजे ताठ केसांचा हातभर ब्रश. टोपीपासून बुटापर्यंत एकमेकांच्या अंगावरचा बर्फ झाडून मगच आत यायचं. सकाळी स्टोव्ह पेटवण्याआधी याच ब्रशने तंबूच्या आतल्या अंगाला श्वासाचं जमलेलं पांढरं दव झाडा आणि गोळा करून बाहेर टाका. आधी स्टोव्ह पेटवलात तर ते वितळून झोपेच्या पिशव्यांवर पाऊस पडेल.

६. स्टोव्ह म्हणजे पाणी

आपल्याकडे कॅम्पिंगसाठी मिळणाऱ्या गॅसच्या छोट्या डब्यांत बहुतेक ब्यूटेन असतो. तो उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही. त्या थंडीत डबा भरलेला असूनही ज्योत मरते. ध्रुवावर पंपाचा, पेट्रोलसारख्या द्रव इंधनावरचा स्टोव्हच न्यावा. आजीच्या पितळी स्टोव्हला पिन मारलेली असेल, तर तत्त्व तेच आहे. आधी जळणाची नळी तापवायची, मग झडप उघडायची. पंपाचा वायसर थंडीत आखडतो आणि दाब बसत नाही. त्याला तेल लावा आणि दोन वायसर जादा न्या. वापरलेला, वास येणारा स्टोव्ह विमानतळावर अडवला जाऊ शकतो, म्हणून तो स्वच्छ धुऊन न्या. इंधन तिथेच विकत घ्या.

माणशी रोज ४-५ लिटर पाणी आणि ते वितळवायला सुमारे २५० मिलिलिटर इंधन धरा. चौघांच्या दहा दिवसांना १० लिटर आणि वादळात अडकण्याच्या तीन दिवसांचे ३ लिटर. हे तीन लिटर ओझं वाटतं म्हणून काढू नका. १९१२ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरून परतणारे ब्रिटिश मोहीमवीर रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे दोन साथी वादळामुळे तंबूत अडकले आणि तिथेच मरण पावले. वाटेवर आधीच ठेवलेला अन्न-इंधनाचा पुढचा साठा जेमतेम १८ किलोमीटरवर होता. आधीच्या साठ्यांवरच्या डब्यांतलं रॉकेल झाकणांतून कमी झालेलं होतं. आज धातूच्या बाटल्या घट्ट बसतात, तरी रोज रात्री झाकण तपासा. इंधन आणि अन्न स्लेजवर वेगवेगळ्या टोकांना ठेवा.

भांड्यात आधी दोन पेले पाणी घाला, मग थोडा थोडा बर्फ. नुसता बर्फ टाकला तर तो तळाचं पाणी शोषून घेतो, भांडं कोरडं पडून करपतं आणि दिवसभर करपट पाणी प्यावं लागतं. इंधन ओतताना हातावर सांडू देऊ नका. ते उणे वीसलाही गोठत नाही, तेवढंच गार असतं, आणि उडून जाताना बोट गोठवतं.

आत स्टोव्ह चालू असताना वरची हवाखिडकी उघडीच हवी. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, पेंग यांपैकी काहीही जाणवलं तर स्टोव्ह बंद करून दार उघडा. वादळात साचलेला बर्फ ही खिडकी बुजवतो, ते बाहेरून पाहत राहा.

खाण्यासाठी तासगावचे बेदाणे, शेंगदाण्याची पातळ चिक्की, तूप, काजू-बदाम उत्तम. स्लेज ओढताना रोज ५,००० कॅलरी सहज लागतात. निघण्याआधी प्रत्येक पदार्थ रात्रभर घरच्या फ्रीजरमध्ये, उणे अठराला ठेवून चावून पाहा. गुळाचा लाडू दगड होतो. तो सुपारीएवढा वळा. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा, म्हणजे बर्फ तळाला धरेल आणि तोंड मोकळं राहील.

७. वादळात आत बसणं

वादळ येणार असं वाटलं की दोन तास आधी थांबा, अंतर पूर्ण करण्याच्या मागे लागू नका. दर दोन-तीन तासांनी पाळी लावून तंबूच्या कडेचा बर्फ काढा. बाहेर जाणाऱ्याला दोरी बांधलेली असावी. पांढऱ्या अंधारात पाच पावलांवरचा तंबू दिसत नाही. अंटार्क्टिकाच्या केंद्रांवरही वादळात इमारतींमधल्या दोरीला धरूनच चालतात. लघवीसाठी वेगळी, रबर गुंडाळलेली बाटली ठेवा, म्हणजे अंधारात हाताला ओळखू येते. फावडं, चाकू आणि सॅटेलाइट फोन तंबूच्या आत ठेवा. फोनची बॅटरी अंगालगत.

खाली दोन चटया: आधी फोमची, तिच्यावर हवेची. हवेची फुटली तरी फोम असतो. ओले हातमोजे आणि मोजे पोटावर, शर्टच्या आत वाळवा. स्टोव्हवर धरले तर लोकर जळते.

८. पाऊस लागला तर

तापमान शून्याकडे चढू लागलं, बर्फ जड आणि चिकट झाला, की पावसाची तयारी करा. पिसांची स्लीपिंग बॅग आणि जाकीट लगेच जाड प्लास्टिकमध्ये बांधा. भिजलेली पिसं गोळा होतात आणि ऊब देत नाहीत. म्हणूनच थांबल्यावर घालायचं जाकीट कृत्रिम भरणाचं घ्यावं. पावसात चालत राहून ‘पुढचा मुक्काम गाठू’ हा विचार सर्वांत घातक. तंबू कोरडा असतानाच थांबा. पावसानंतर गोठलेल्या चढावर स्कीची पकड सुटते. तिथे बुटाला काटे लावूनच चाला.

९. साथीदाराकडे पाहत राहा

दर पंधरा-वीस मिनिटांनी एकमेकांचे चेहरे तपासा. नाकावर किंवा गालावर मेणासारखा पांढरा ठिपका दिसला तर उघड्या उबदार तळव्याने झाका, चोळू नका. बोट कडक आणि बधिर झालं असेल आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर ते वितळवू नका. सुरक्षित जागी पोहोचल्यावरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवा.

शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जीभ जड होते, बोटं ऐकत नाहीत, पाय अडखळतात आणि बडबड्या माणूस गप्प होतो. विचारलं तर तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो. त्याचं ऐकू नका. वाऱ्याआड न्या, ओलं काढा, सोवळ्यातला जोड घाला, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या काखेत आणि छातीशी द्या. गिळता येत असेल तर गोड गरम पाणी द्या. दारू कधीच नाही. हुडहुडी थांबून तो सुस्त पडला तर प्रकृती सुधारलेली नसते, बिघडलेली असते. त्याला आडवंच ठेवा, झटके न देता हलवा आणि मदत बोलवा.

१०. वादळ ओसरल्यावर

लगेच निघू नका. नवा बर्फ उतारावरून घसरतो आणि हिमनदीवरच्या भेगा झाकून टाकतो. आधी तंबू खणून काढा. फावड्याचं टोक कापडाकडे वळवू नका, शेवटचा वीतभर बर्फ हातानेच काढा. सूर्य दिसला तर स्लीपिंग बॅग उलटी करून स्लेजवर पसरा. उणे पंधरातही उन्हात तिच्यातला बर्फ कण कण उडून जातो, उरलेला ब्रशने झाडा. तोवर इंधनाच्या बाटल्या मोजा, शिधा मोजा आणि पुढचा टप्पा त्या हिशोबाने आखा.